पारावरचा उन्हाळा : वयस्करांना ऊन कधी बाधतं, या प्रश्नाचा इतिहास

नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांचा खंडोबा एकच. वर्षातले साधारण पावणेदोन महिने मूर्ती नळदुर्गच्या मैलारपुरात असते, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिथेच भरते. उरलेले सव्वादहा महिने देवाचा मुक्काम अणदूरला. म्हणजे चैत्र-वैशाखाचं ऊन देवाच्या वाट्यालाही अणदूरचंच येतं.

हे ऊन कसं असतं ते धाराशिवकडच्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी : कोरडं, पांढरं, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा न दिसणारं. आणि तरी गावातल्या वयस्कर माणसांचा वर्षातला सगळ्यात गजबजलेला काळ हाच. शेतातली कामं उरकलेली, लग्नसराई सुरू, पुण्या-मुंबईची नातवंडं सुट्टीला आलेली. म्हाताऱ्या बायका कुरडया, शेवया, पापडाचं वाळवण घालतात, म्हणजे नेमक्या उन्हातच बसतात. पुरुष पारावर. संध्याकाळी भजन, रात्री अंगणात बाजा. त्यात सरकारी पत्रक येतं : दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका.

सल्ला बरोबरच आहे. पण संशोधनाची तयारी करणाऱ्या माणसाने त्यातलं गृहीतक शोधावं. 'घराबाहेर पडू नका' याचा अर्थ घरात गार आहे असं सल्ला देणाऱ्याने मानलंय. कुणाचं घर? कसलं छप्पर? आणि घरात त्या माणसासोबत कोण आहे? या तीन प्रश्नांना शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. तुम्ही पेटची किंवा नेटची तयारी करत असाल तर 'संशोधन प्रश्न कसा घडतो' याचं उदाहरण म्हणून तो वाचा. पाठ्यपुस्तकात प्रश्न तयार होऊन येतो, प्रत्यक्षात तो असा धडपडत येतो.

खाणीतला तापमापक

सुरुवात इंग्लंडमधल्या खाणींपासून करू. जे. एस. हॉल्डेन हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ कॉर्नवॉलच्या गरम, दमट खाणींत उतरला, टर्किश बाथमध्ये बसला आणि स्वतःच्या शरीराचं तापमान मोजत राहिला. १९०५ साली त्याने जे छापलं त्याचं सार असं : हवेचं साधं तापमान किती आहे यापेक्षा ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक किती दाखवतो, हे महत्त्वाचं. हे 'वेट बल्ब' तापमान स्थिर हवेत सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की काही काम न करता बसलेल्या माणसाचंही अंग तापायला लागतं.

कारण सोपं आहे. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीराकडे उष्णता फेकायचा एकच मार्ग उरतो, घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला पाहिजे. दमट हवेत तो नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम फुकट गेला. (माठातलं पाणी धाराशिवला गार होतं आणि मुंबईत होत नाही, त्याचंही कारण हेच. माठ म्हणजे घाम येणारं भांडंच.)

आकडे घालून बघा. हवा ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के, म्हणजे आपल्याकडची मे महिन्यातली दुपार : वेट बल्ब सुमारे २४ अंश निघतो. कोकण किनाऱ्यावर हवा ३४ आणि आर्द्रता ८० टक्के : वेट बल्ब ३१. म्हणजे हॉल्डेनच्या हिशेबाने ३४ अंशांचा कोकण ४२ अंशांच्या मराठवाड्यापेक्षा धोक्याचा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण गेले, तेव्हा 'तापमान तर चाळिशीच्या खालीच होतं' असं बऱ्याच जणांना आश्चर्य वाटलं. हॉल्डेनला वाटलं नसतं.

मग मराठवाडा निर्धास्त का? इथे गोष्ट वळते. १९५७ मध्ये याग्लू आणि मिनार्ड यांनी अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षणासाठी ऊन, वारा आणि ओलावा एकत्र धरणारा निर्देशांक दिला. २०१० मध्ये शेरवूड आणि ह्यूबर यांनी ३५ अंश वेट बल्ब ही माणसाची सैद्धांतिक मर्यादा मांडली, आणि वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. पण ती कागदावरची मर्यादा होती. २०२२ मध्ये पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या गटाने तरुण, निरोगी माणसांना प्रत्यक्ष खोलीत बसवून मोजलं. दमट हवेत मर्यादा ३०-३१ अंश निघाली, म्हणजे हॉल्डेनपाशीच परत आलो. आणि कोरड्या, फार गरम हवेत ती आणखी खाली, २५ ते २८ अंशांवर. कारण तिथे घाम वाळतो, पण शरीराला तेवढा घाम काढताच येत नाही. आपली २४ ची दुपार या काठाला लागून आहे. आणि हे तरुणांचं. वयस्करांची मर्यादा याहून खाली येते.

सात म्हातारे, सात तरुण

वयस्करांत नेमकं काय बदलतं? घाम कमी येतो, त्वचेकडे रक्त कमी वळतं, हृदयाला जास्त पळावं लागतं. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९८४ चा फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा छोटासा प्रयोग. ६७ ते ७५ वयाचे सात निरोगी पुरुष आणि २० ते ३१ वयाचे सात. सगळ्यांना २४ तास पाणी दिलं नाही. नंतर हवं तेवढं प्या म्हटलं. तरुण ढसाढसा प्यायले. वयस्करांना रक्तातली क्षारांची पातळी वाढलेली असूनही तहान कमी लागली आणि ते कमी प्यायले.

'तहान लागली की पितो की बाबा' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. या प्रयोगाने ते वाक्यच मोडीत काढलं. तहान हा वयस्करांच्या बाबतीत भरवशाचा निरोप्या नाही. म्हणून तहानेवर न सोडता वेळेवर पाणी, ताक, आंबील, पन्हं. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवी होण्याची गोळी चालू असेल, तर किती पाणी आणि किती मीठ ते डॉक्टरला विचारूनच. सरसकट 'भरपूर प्या' हा सल्ला तिथे चालत नाही.)

विद्यार्थ्यांसाठी जाता जाता : सात अधिक सात, आणि एकही बाई नाही. आज असा नमुना घेऊन गेलात तर मार्गदर्शक परत पाठवतील. तरी प्रयोग टिकला, कारण प्रश्न नेमका होता आणि मोजमाप स्वच्छ होतं. नमुना किती मोठा हवा हे प्रश्न ठरवतो. वाळवण घालणाऱ्या आजींबद्दल मात्र हा प्रयोग थेट काही सांगत नाही, हेही तितकंच खरं.

शिकागो : मेले कोण?

आतापर्यंत गोष्ट शरीराची होती. १९९५ च्या जुलैत ती समाजाची झाली. शिकागोत तापमान ४१ अंशांपर्यंत गेलं आणि आठवडाभरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली, बहुतेक वयस्कर. अमेरिकेसारख्या देशात, विजेचे पंखे आणि एसी असलेल्या शहरात.

सेमेन्झा आणि सहकाऱ्यांनी लगेच केस-कंट्रोल अभ्यास केला. मेलेल्या ३३९ जणांच्या नातेवाइकांना, मित्रांना किंवा शेजाऱ्यांना गाठलं, आणि त्याच वस्तीतले, साधारण त्याच वयाचे ३३९ जिवंत लोक तुलनेला घेतले. अंथरुणाला खिळलेल्यांचा धोका जास्त, हे अपेक्षित. घरात चालू एसी असेल तर धोका बराच कमी, हेही अपेक्षित. पण एकटं राहणाऱ्यांचा धोका दुपटीहून जास्त निघाला. आणि ज्यांचं कुठल्या तरी गटात येणं-जाणं होतं, आसपास मित्र होते, ते त्या मानाने वाचले.

थांबा आणि हे पुन्हा वाचा. उन्हाळ्यात म्हाताऱ्यांनी एकत्र जमणं, भजनाला जाणं, पत्ते खेळणं याकडे आपण 'मौज' म्हणून बघतो आणि 'सुरक्षितता' तिच्या विरुद्ध बाजूला ठेवतो. आकडे म्हणतात की जमणं हाच सुरक्षिततेचा भाग आहे. पारावर रोज येणारा माणूस एक दिवस आला नाही तर कुणीतरी घरी जाऊन बघतं. उष्माघातात ते 'जाऊन बघणं' काही तासांच्या आत व्हावं लागतं.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्गने २००२ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. शिकागोतल्या शेजारशेजारच्या दोन वस्त्या त्याने घेतल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. एकटे राहणारे, गरीब म्हातारे दोन्हीकडे. पण एकीकडे मृत्युदर दुसरीच्या दहापट. कमी मृत्यू झालेल्या वस्तीत रस्ते गजबजलेले, दुकानं चालू, म्हातारी माणसं बाहेर पडणारी. पुस्तक गाजलं. मग २००६ मध्ये मिचेल डनियरने त्याच वस्त्यांत फिरून, मेलेल्या माणसांचे शेजारी गाठून हरकत घेतली. वस्तीची सरासरी माहिती घेऊन त्या वस्तीत मेलेल्या व्यक्तीबद्दल बोलता येत नाही. मेलेले लोक खरंच एकाकी होते का, हे त्यांच्याच बाबतीत तपासायला हवं. याला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात, पेटच्या पेपरात हमखास येतं. मला स्वतःला हे भांडण पुस्तकाइतकंच मोलाचं वाटतं. सेमेन्झाचा अभ्यास व्यक्तींवर होता म्हणून एकाकीपणाचा मुद्दा अजून उभा आहे, क्लिनेनबर्गच्या वस्त्यांवर तो एकटा उभा राहिला नसता.

पुढची गोष्ट झपाट्याने सांगतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले, बहुतेक पंच्याहत्तरीच्या पुढचे. मुलं सुट्टीवर, डॉक्टर सुट्टीवर. नंतर तिथे वृद्धाश्रमांना निदान एक गार खोली ठेवणं आणि आणीबाणीचा आराखडा करणं बंधनकारक झालं. २००४ च्या कायद्याने वर्षातला एक दिवस बिनपगारी जादा कामाचा ठरवून तो पैसा वयस्करांच्या देखभालीकडे वळवला. भारतात २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादने ४६.८ अंश पाहिले. महापालिकेच्या मृत्यू नोंदी आधीच्या आणि नंतरच्या वर्षाशी ताडून पाहिल्यावर त्या एका महिन्यात १,३४४ जादा मृत्यू निघाले. २०१३ मध्ये अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा आला, २०१६ पासून नागपूरचा.

माळवद, भूकंप आणि पत्रा

आता अणदूरकडे. इथल्या इतिहासात या प्रश्नाची एक बाजू आहे, जी शिकागोत सापडणार नाही.

उन्हापासून बचाव हा या भागाचा जुना विषय. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला, तो इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी, आत गार खोल्या. १८५३ मध्ये निजामाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्यानंतर मेडोज टेलर इथे कारभाराला होता, त्याच्याही आठवणींत नळदुर्ग येतं. पण पाणीमहाल राजाचा. रयतेचा गारवा वेगळ्या ठिकाणी होता, तो म्हणजे माळवदात.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन या मातीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर माणसं अंगणात झोपायला गेलेली असतात. भौतिकशास्त्रात याला उष्णतेचा कालविलंब म्हणतात. आजीला शब्द माहीत नसतो, खोली माहीत असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि बहुतेक जणांना मारलं ते याच जड भिंतींनी आणि मातीच्या छपरांनी. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, ५२ गावं नव्या जागी वसली. दगड-मातीच्या घराची धास्ती मात्र भूकंपाच्या हद्दीपुरती राहिली नाही. लोक हलक्या छपराकडे वळले. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हे साधं गणित होतं आणि ते चूक नव्हतं.

फक्त पत्र्याला कालविलंब नाही. ऊन वर पडलं की आत उतरलं. नव्या वसाहतींत रस्ते रुंद, घरं सुटी सुटी, त्यामुळे जुन्या अरुंद गल्लीत समोरच्या भिंतीची जी सावली मिळायची ती गेली. भूकंपापासून वाचवणारं घर उन्हात तापणारं घर झालं. वेधशाळेचं तापमान मात्र सावलीतल्या, हवा खेळत्या पांढऱ्या पेटीत मोजलं जातं. उष्णतेची लाट जाहीर करायचा निकष (मैदानी भागात ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा थेट ४५) त्या पेटीवर बेतलेला आहे, पत्र्याखालच्या बाजेवर नाही. अशा खोलीत दुपारी एकट्या आजीला 'बाहेर पडू नका' सांगणं म्हणजे काय सांगणं, याचा विचार करा.

पंख्याचंही असंच. २०१६ मध्ये ४२ अंशांच्या खोलीत, आर्द्रता वाढवत नेऊन, वयस्करांवर प्रयोग झाला : नुसत्या पंख्याने हृदयाचे ठोके आणि शरीराचं तापमान कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. हवा त्वचेपेक्षा गरम असेल आणि घाम कमी असेल तर पंखा गरम हवाच अंगावर आणतो. आपल्या कोरड्या हवेत उपाय जुनाच, अंग ओलं ठेवायचं. ओला पंचा खांद्यावर, पाय पाण्यात, खिडकीला भिजवलेलं पोतं किंवा वाळ्याचा पडदा, जमलं तर कूलर, आणि मग पंखा. वाळवण सकाळी नऊच्या आत उरकायचं, पार कडुनिंबाखालीच असेल तर दुपारीही पत्र्यापेक्षा बरा. पण अंग गरम आणि माणूस असंबद्ध बोलतोय असं दिसलं की ताकाची वाटी पुढे करत बसू नये. पाणी ओतून अंग गार करत दवाखाना गाठायचा.

'ज्येष्ठांची वसाहत' कुठे आहे?

सीनियर लिव्हिंग म्हटलं की पुण्यातली गृहसंकुलं डोळ्यांपुढे येतात. वृद्धाश्रमाचा महाराष्ट्रातला इतिहास जुना आहे. पुण्यातला डेव्हिड ससून यांच्या देणगीतला अनाथ-पंगू आश्रम, आजचं 'निवारा', एकोणिसाव्या शतकातला. १९९५ मध्ये राज्य सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. पण २०११ च्या जनगणनेत राज्यातले ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते, आणि त्यातले फारच थोडे अशा संस्थांत असणार.

१९८० च्या दशकात अमेरिकेत मायकेल हंट याने एक कल्पना मांडली : कुणी आखून न बांधता, तरुण निघून गेल्यामुळे आपोआप तयार झालेली ज्येष्ठांची वसाहत. त्याने ती शहरातल्या इमारतींसाठी वापरली. मला ती मराठवाड्यातल्या गावांना चपखल बसते असं वाटतं. पोरं पुण्याला, हैदराबादला, काही ऊसतोडीला. गल्लीच्या गल्लीत दुपारी फक्त साठीच्या पुढचे. फरक एवढाच की इथे ना व्यवस्थापक, ना नर्स, ना गार खोली. अणदूरची एक जमेची बाजू आहे : डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने इथे अनेक वर्षं गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. कोणती म्हातारी एकटी असते, कुणाची बीपीची गोळी संपलीय, हे अशा बाईला यादी न बघता माहीत असतं.

आता कुणी म्हणेल, मग अहमदाबादसारखं इथलेही जादा मृत्यू मोजू. करून बघा. समजा १५ हजार वस्तीचं गाव, मृत्युदर हजारी सहा. वर्षाला ९०, महिन्याला साडेसात मृत्यू. पॉइसाँ वितरणाने प्रमाण विचलन साडेसाताचं वर्गमूळ, सुमारे २.७. म्हणजे एखाद्या मे महिन्यात १२ माणसं गेली तरी ती उन्हानेच गेली असं म्हणता येत नाही, तेवढं वर-खाली निव्वळ योगायोगानेही होतं. त्यात ग्रामपंचायतीच्या नोंदीत कारण बहुधा 'हृदयविकार' किंवा 'वृद्धापकाळ'. अहमदाबादला लाखांची वस्ती होती म्हणून आकडा बोलला. एका गावात मृत्यू मोजून उत्तर मिळणार नाही, तालुकाभरची अनेक वर्षांची नोंद एकत्र करावी लागेल.

एका गावात जे मोजता येतं ते वेगळं आहे. तापमान-आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रं घ्या. दहा पत्र्याच्या खोल्यांत, दहा उरलेल्या माळवदात, दहा स्लॅबच्या घरात आणि दोन-तीन पारांवर लावा, मार्च ते जून. दर तासाची नोंद. प्रत्येक घरातल्या वयस्कर माणसाची सकाळ-संध्याकाळ नाडी, आणि दिवसभरात कुठे किती वेळ होते त्याची साधी टिपणवही. प्रश्नावली चाळीस प्रश्नांची करू नका, म्हातारी माणसं कंटाळतात आणि मग तुम्हाला बरं वाटेल ते उत्तर देतात. एसी, कूलर, छप्पर हे तर तुम्हाला डोळ्यांनीच दिसेल. विचारायचा पहिला प्रश्न मी असा ठेवेन : काल दिवसभरात तुमच्याकडे कोण कोण येऊन गेलं?